हात लावू नये

आईने पाटी मोठ्याने वाचली. ती सगळ्याच पाट्या मोठ्याने वाचते. अक्षरओळख झाली तीच मुळी चाळिशीत, आणि तेव्हापासून रस्त्यावरचं एक अक्षर तिने फुकट जाऊ दिलेलं नाही. कोथरूडहून निघालो की स्वारगेटपर्यंत दुकानांची नावं, स्वारगेटला बस बदलली की हडपसरपर्यंत डॉक्टरांच्या पदव्या आणि क्लासच्या जाहिराती, सगळं अख्ख्या बसला ऐकवत येते आणि मी खिडकीबाहेर बघत बसते, जणू ही बाई माझी कुणी नव्हेच. तर खंडेनवमीच्या त्या सकाळी, आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा बघायला माणसं घरच्यांना घेऊन आली होती तेव्हा, काचेच्या खोलीच्या उघड्या दारात उभं राहून सोजरबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, एकेक शब्द सुटा करत वाचलं, "हात. लावू. नये. का. ते. विचारू. नये." दाराला लागूनच लाकडी बैठकीवर दोन नॉझल पालथी ठेवलेली होती. त्यांतल्या एकाकडे तिचा उजवा हात, मधलं बोट दुमडून, आधीच निघाला होता. तो तिथल्या तिथे थांबला. मग मागे आला, पदराखाली गेला, आणि आई स्वतःही मागे सरली. फार नाही. पण ते अंतर मला ओळखीचं होतं. तिचा चेहरा पडला नाही, उलट शेजारी उभ्या असलेल्या मच्छिंद्रच्या बायकोला म्हणाली, "लांबूनच बघ गं बाई, हात नगं लावू." आणि पाटी माझी होती. मीच लिहिली होती, लाल रंगात, ब्रशने, आणि अक्षराचं कौतुकही करून घेतलं होतं.

आता पाटी का, ते मी सांगते. विचारू नये असं लिहिलेलं असलं तरी. आम्ही रॉकेटच्या इंजिनाचे भाग करतो. हे वाक्य बोलताना माझी मान ताठ होते, आणि ती ताठ झालेली मला आवडते. सोसायटीतल्या एका बाईंनी एकदा विचारलं, "सिरॅमिक म्हणजे कप-बशा ना हो?" मी म्हटलं, "हो, फक्त आमचा चहा जरा जास्त गरम असतो." काळ्या कार्बनच्या धाग्याचं कापड साच्यावर थरावर थर गुंडाळायचं, राळेत भिजवायचं, हवा लागू न देता भट्टीत भाजायचं, की सगळ्याचा कोळसा होतो. मग त्या कोळशाला वितळलेलं सिलिकॉन पाजायचं. तो ते पितो, अक्षरशः पितो, आणि भट्टीतून जे बाहेर येतं ते कापड नसतं, कोळसा नसतो, धातूही नसतो. पोलाद जिथे पाण्यासारखं वाहायला लागेल तिथे ते उभं राहतं. इंजिनाची आग ज्या तोंडातून बाहेर पडते ते तोंड म्हणजे हे नॉझल. आग रॉकेटला ढकलते आणि ह्याला काही होत नाही. ज्याला काही होत नाही अशी वस्तू आपल्या हाताने करणं, ह्याच्यासारखं सुख मला तरी दुसरं माहीत नाही. आमचे मालक गोपाळकृष्ण, सगळे त्यांना जीके म्हणतात, त्यांच्या वडिलांचा धंदा ओतशाळांना धातू वितळवायला लागणाऱ्या मुशी करण्याचा. देशाची दारं उघडली, बाहेरच्या मुशी येऊन पडल्या आणि जुनी गिऱ्हाइकं ओळख दाखवेनाशी झाली. जीके शनिवार पेठेतले, रडणं त्यांच्या घराण्यात नाही. म्हणाले, "धंदा मातीत चाललाच आहे, त्यापेक्षा आकाशात नेऊ." तेव्हा मी ब्रेकच्या कंपनीत सुखाने नोकरी करत होते. मला बोलावून घेतलं, आणि मी आले. लोकांनी वेड्यात काढलं. सगळं पुणं कॉम्प्युटरकडे धावत होतं आणि ही बाई भट्टीकडे! आजही आमच्याकडे आलेला हुशार पोरगा वर्षभर टिकतो, मग पलीकडच्या आयटी पार्कात जाऊन गारव्यात बसतो आणि मधूनच फोन करून विचारतो, "मॅडम, भट्टी कशी आहे?" जशी गावाकडची गाय.

तर पाटी. मागच्या खंडेनवमीला मच्छिंद्रने एक पराक्रम केला. हा आमचा भट्टी सांभाळणारा, माळकरी, देवमाणूस. सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहून झालं, बोटावर थोडं उरलं, ते त्याने तयार नॉझलला लावलं. वर झेंडूचं फूल. बिचाऱ्याची भावना अशी, की रॉकेटला जाणारी वस्तू, तिला देवाचा हात लागलेला बरा. आता कुंकू म्हणजे हळद आणि चुना, आणि माणसाच्या बोटाला घामाचं मीठ. हे सगळं वरच्या पातळ थरात मुरतं आणि आग लागली की तिथूनच थर खायला सुरुवात होते. आम्हाला पत्ताच नाही. कुणीतरी नंतर फडक्याने पुसून ठेवलेलं. चाचणीच्या भट्टीतून नॉझल बाहेर आलं तर त्या जागी बरोबर बोटाएवढा खड्डा. कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात. मच्छिंद्र ढसाढसा रडला, मी घसा बसेपर्यंत ओरडले, आणि जीके तेवढं म्हणाले, "चला, प्रसाद ग्रहण केला देवाने." ते नॉझल आता ऑफिसच्या कोपऱ्यात उभं आहे, पावसाळ्यात आम्ही त्यात छत्र्या ठेवतो. त्याच दुपारी मी पाटी लिहिली. "का, ते विचारू नये" ही भरही माझीच. एवढी वर्षं पुण्यात काढून तेवढंही जमलं नाही तर काय उपयोग!

कारखान्यातून परतताना आईने एकही पाटी वाचली नाही. मी वाट बघत होते. हडपसरचा बाजार गेला, शेवयांच्या दुकानाची ती नेहमीची पाटी गेली, जी वाचून ती नेहमी "ह्यात एक अक्षर चुकलंय बघ" म्हणते, तीही गेली. ती पेढ्याची पुडी मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हात पदराखाली. मला एकदम लिंबाचं झाड आठवलं, जे मी कधी पाहिलेलंच नाही. ते आईच्या माहेरच्या गावातलं. तिथे भैरू कुंभार होता. गावातल्या बायका त्याच्या दारात जायच्या, मडकी उचलायच्या, दुमडलेल्या बोटाने वाजवायच्या, दहा नाकारून एक घ्यायच्या. माझी आई, परकरातली पोर, हिने लिंबाखाली थांबायचं आणि बोटाने दाखवायचं, ते तिकडचं. भैरूने ते आणून मधल्या मोकळ्या जागेत ठेवायचं आणि मागे सरायचं. मग हिने पुढे होऊन उचलायचं. हात लावून बघायचं नाही, आणि का, ते विचारायचं नाही. मग वाजवायचं कधी? तर गाव मागे पडलं, की शेताच्या बांधावर मडकं टेकवायची आणि तिथे वाजवायची. खणखणीत वाजलं तर नाचत घरी. बद्द वाजलं तर? तर काहीच नाही. तडकलेलं आहे हे कळायचं, पण परत नेता येत नव्हतं. हिचा हात लागलेलं मडकं घेणार कोण? "भैरू वाईट नव्हता गं," आई सांगते, "बिचारा चांगलं बघूनच द्यायचा." त्या 'बिचारा'ने माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण आईच्या बोलण्यात कधी कडवटपणा नसतो. ती गोष्ट सांगते ती बांधावर बसून वाजवण्याची, तिथला आवाज तोंडाने काढून दाखवते, आणि हसते.

मग दीक्षा झाली, तिच्या बापाने घरातले देव एका दिवसात नदीला दिले, आणि पुढच्या वर्षी लग्न होऊन ती हडपसरला आली. तिथे हिला कुठली, कुणाची असं कुणी विचारणारं नव्हतं. उन्हाळा लागला की माठ घ्यायला मला बरोबर न्यायची, आणि काय सांगू, सगळी रास वाजवायची. एक झाला, दुसरा झाला, पहिला पुन्हा. कान लावून, डोळे मिटून. माठवाला वैतागायचा, "बाई, माठ घेताय का तबला?" ती ढिम्म. मी शाळेत जाणारी, लाजेने मरायची, रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहायची. कलिंगड वाजवायची, नारळ वाजवायची, घर बांधताना विटासुद्धा वाजवल्या. अनिरुद्ध मला बघायला आले तेव्हा त्यांना तासभर प्रश्न विचारले आणि नंतर शेजारणीला म्हणाली, "जावई वाजवून घेतलाय." मी मेटलर्जी शिकले, वस्तूला टिचकी मारून आतले थर सुटले आहेत का ते ऐकायचं, ह्याला पुस्तकात भारदस्त नाव आहे हे मला कळलं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं. आज आमच्याकडे क्ष-किरण आहेत, आवाजाच्या लहरी आत पाठवून चित्र काढणारं जर्मन यंत्र आहे, आणि ती यंत्रं सांगतील तेच शेवटचं. पण भट्टी उघडली की पहिलं बोट माझं. पातळ रबरी हातमोजा घालायचा, मधलं बोट दुमडायचं आणि वाजवायचं. सगळे गप्प उभे असतात. त्या घटकेला मी जगात कुणाला ऐकत नाही. पण आजवर हे वाजवणं आईला मी दाखवलंच नव्हतं. आणि दाखवायला नेलं तर तिच्या बोटासमोर माझीच पाटी. मला बाकी काही नको होतं. तो मागे गेलेला हात मला पुढे आणायचा होता, आणि वेळ थोडा होता. पुढच्या आठवड्यात दोन्हींपैकी एक नॉझल खोक्यात बसून दक्षिणेत चाचणीला जाणार होतं आणि दुसरं सीलबंद होऊन कपाटात.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या घरी तो दीक्षेचा दिवस, आणि ते पन्नासावं वर्ष. आई पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आली, माझ्या लेकीने, मैत्रीने, खीर केली होती. मैत्री आयटीत आहे, दिवसभर कुणा अमेरिकन विमा कंपनीच्या चुका दुरुस्त करते. "आजी, रॉकेट पाहिलंस? कसलं भारी ना? माझ्या टीममध्ये कुणी बिलीव्हच करत नाही, मम्मी रॉकेटचे पार्ट्स बनवते म्हणून." आई म्हणाली, "पाह्यलं. लांबून. लई देखणं हाय. पालथा माठच जणू, बुडाला भोक असलेला." मी तेवढ्यात घुसले. म्हटलं, "आई, उद्या पुन्हा ये माझ्याबरोबर. हात लावून बघ."

"नगं बाई."

"अगं, का?"

"तुझ्या कामाची वस्तू. खराब झाली म्हंजी? तिथं लिवलंय ना, नगं लावू. लिवलंय तर न्हाई लावत म्या. मला सवय हाय."

सवय हाय! खिरीची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. मी ओरडलेच जवळजवळ. "ती पाटी तुझ्यासाठी नाहीये! सगळ्यांसाठी आहे. घामाचं मीठ लागतं म्हणून आहे. सगळ्यांच्या घामाचं. कुणाच्याही." आईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. एवढ्या मोठ्या इंजिनिअरला साधी गोष्ट कळत नाही, अशा मायेने पाहिलं. "लिवल्यालं समद्यांनाच असतंय व्हय कुटं?" ती म्हणाली, आणि आपली वाटी उचलून विसळायला गेली.

रात्रभर ते वाक्य माझ्याशी भांडत राहिलं. मी काय चूक लिहिलं होतं? नियम खरा होता, मिठाचा होता, माणसांचा नव्हता. भैरूच्या दारातल्या नियमाला कारण नव्हतं म्हणून त्याचं कारण विचारायचं नसे. माझ्या नियमाला कारण होतं, चांगलं शास्त्रशुद्ध, आणि तरी मी ऐटीत लिहून ठेवलं, विचारू नये. पुणेरीपणाची हौस. सकाळी लवकर गेले, पाटी उतरवली आणि दुसरी लिहायला बसले. जीके आले, हात मागे बांधून माझ्या डोक्यावरून वाचू लागले. मी त्यांना सगळं सांगितलं, लिंबाच्या झाडासकट. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, नियम तुमचा. मोडायचा असेल तर खुशाल मोडा. मला कशाला साक्षीला घेता?"

"मोडायचा नाहीये. पाळायचाय."

"मग पाळा. पण ही खालची ओळ जरा अति होतेय, नाही का?"

"राहू दे ती."

"राहू दे," ते म्हणाले. जाता जाता थांबले. "आमच्याकडे विहिरीवर अशीच एक पाटी असायची म्हणे. आजोबांची. अक्षर तुमच्याइतकं चांगलं नव्हतं." एवढं बोलून गेले. त्यांच्याकडून ह्याहून जास्त कुणी अपेक्षाही करू नये.

आईला आणायला मला तिला खोटं सांगावं लागलं नाही. म्हटलं, नवीन पाटी लिहिली आहे, वाचायला चल. ह्या आमिषाला ती नाही म्हणूच शकत नाही. आली. कालचीच पांढरी साडी धुऊन नेसली होती. दारात उभी राहिली, चष्मा सारखा केला, आणि बोट हवेत फिरवत वाचू लागली. "हात धुवावेत. कोरडे करावेत. हातमोजे घालावेत. मग खुशाल लावावा. घामातल्या मिठाने वस्तू खराब होते. नियम सर्वांना, मा... ल... कां... सह." ती थांबली. शेवटचा शब्द तिने पुन्हा वाचला. तेवढ्यात जीके आले. मुद्दाम नव्हतं ते, मी शपथेवर सांगते. त्या माणसाला नाटक जमत नाही. "या सोजरबाई, या," म्हणत ते बैठकीशी गेले आणि बोलता बोलता, सवयीने, एक हात नॉझलवर टेकवायला गेले. "जीके!" मी ओरडले, "हात!" त्यांचा हात झटक्यात मागे गेला. ते स्वतःही मागे सरले. परवा आई सरली होती तेवढेच. आई बघत होती. त्यांच्या हाताकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्या हाताकडे, जो त्यांनी पाठीमागे लपवला होता, शाळेतल्या पोरासारखा. आणि आईला हसू आलं. आधी पदरातल्या पदरात, मग खदखदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं बया," ती म्हणाली, "मालकाला बी!" जीके म्हणाले, "अहो, इथे मालक कोण आहे ते आम्हालाही अजून कळलेलं नाही." आणि नळापाशी जाऊन उभे राहिले. तिथे आई आधी पोचली होती. तिने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश, आणि ते मागे रांगेत थांबले.

हातमोजे मी घातले तिच्या हातात. बोटं आता वाकडी झाली आहेत, प्रत्येक बोट शोधावं लागलं. ती म्हणाली, "घट्ट हाय गं," आणि मी म्हटलं, "असंच असतं." मच्छिंद्र भट्टी सोडून दारात येऊन उभा राहिला होता. आई पहिल्या नॉझलपाशी गेली. हात पुढे केला, मधलं बोट दुमडलं. क्षणभर थांबली, माझ्याकडे वळून बघितलं. मी मान हलवली. तिने वाजवलं. तो आवाज मी शेकडो वेळा ऐकला आहे. पातळ, लांब, स्वच्छ, थांबता न थांबणारा. पण दुसऱ्याच्या बोटाखाली मी तो पहिल्यांदा ऐकत होते, आणि मला वाटलं, ही वस्तू आकाशात नाही गेली तरी चालेल, हिचं काम झालं. असं वाटणं इंजिनिअरला शोभत नाही. वाटलं, झालं. आईने डोळे मिटले होते. कान जवळ नेला होता. पुन्हा वाजवलं, जरा खाली, मग बाजूला, मग सगळीकडून गोल फिरत. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं.

"दोन्ही बेस हायत," ती म्हणाली.

"दोन्ही बेसच आहेत," मी म्हटलं. "यंत्रांनीही तेच सांगितलंय. पण एकच जाणार आहे. कुठलं, ते अजून ठरलेलं नाही. तू सांग."

"म्या?"

"तू."

तिने जीकेंकडे पाहिलं. जीके हातमोजे घालून, हात जोडल्यासारखे पुढे धरून उभे होते. म्हणाले, "सोजरबाई, सावकाश बघा. घाई नाही." आणि तिने खरोखरच सावकाश बघितलं. एक वाजवलं, दुसरं वाजवलं, मागे जाऊन दुरून न्याहाळलं, पुन्हा जवळ आली, काठावरून बोट फिरवलं. मच्छिंद्र चुळबुळायला लागला. मला माठवाल्याची आठवण झाली, आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या त्या मुलीची. मी आईजवळ, अगदी खेटून उभी राहिले. शेवटी आईने बोटाने दाखवलं नाही. उजव्या हाताचा अख्खा पंजा तिने दुसऱ्या नॉझलवर ठेवला, दाबून ठेवला, आणि माझ्या लहानपणी सगळा बाजार वळून बघायचा त्या आवाजात म्हणाली,

"ह्ये. ह्ये द्या बांधून."